बाळ्याने भरवलेली मीटिंग

आता तुमचा चहा गार व्हायच्या आत मीच सांगून टाकतो. नाहीतर आमची बायको, नलू, तिच्या पद्धतीने सांगेल आणि माझी उरलीसुरली अब्रूही जाईल.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नेरूळला आमची बिल्डिंग नुकतीच उभी राहिलेली. आजूबाजूला नुसतं गवत आणि दिवे नसलेले खांब. दोनदा नळ चोरीला गेले. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे शिव्या खायचा हक्काचा माणूस! तेव्हा मी काय शहाणपणा करावा? खांदेश्वरच्या माळावर मेंढ्या घेऊन उतरलेल्या धनगराकडून एक तरणाबांड कुत्रा आणला. धनगर बजावत होता, "याला काम लागतं सायेब, बसून ऱ्हायाचा न्हाई." मी म्हटलं, आमच्याकडे कसलं काम? खाईल आणि झोपेल.

नाव बाळ्या, उंची माझ्या कमरेएवढी. एक-दोन दिवस जिन्याखाली बसून त्याने सगळ्यांना न्याहाळलं आणि ठरवलं, हा आपला कळप.

मग काय विचारता! दिवस मावळला की मैदानातली पोरं हाकून बिल्डिंगखाली जमा. चावायचा नाही हो, नुसती गुडघ्याला ढुशी. आया खूश. पण हळूहळू तो मोठ्यांनाही वळायला लागला. पहिल्या मजल्यावरचे सकपाळ नाइटला निघाले, की त्यांना बसस्टॉपवरून परत घेऊन यायचा. बिचाऱ्यांचे खाडे पडायला लागले, तसे ते पेटले. सह्या गोळा करून त्यांनी खास सभा लावली. विषय एकच, कुत्रा हटवा.

नलूने जेवण सोडलं. माझाही जीव जडला होता, खोटं कशाला बोलू? धनगर केव्हाच घाटावर परतलेले. बाळ्या जाणार कुठे, रस्त्यावरच ना?

पण मी मनातून निर्धास्त होतो. अहो, आमच्या सोसायटीत कोरम कधी झालाय? पाण्याच्या टाकीची मीटिंग वर्षभर माणसं नाहीत म्हणून पुढे ढकलत होतो. आणि अशी खास सभा कोरम नसला की रद्दच. तरी मी घरोघरी जाऊन हळूच सांगून आलो, नाही आलात तरी चालेल. एवढी हुशारी केली, फक्त बाळ्याला घरात कोंडायचं विसरलो.

संध्याकाळी बिल्डिंगखाली खुर्च्या मांडल्या. हजर कोण? चेअरमन कांबळेकाका, सकपाळ, नलू आणि मी. कांबळेकाकांनी घड्याळ पाहिलं, म्हणाले, माणसं नाहीत, रद्द करू या. मी मान डोलावणार, एवढ्यात भाजीची पिशवी छातीशी धरून देशमुखबाई आल्या. मागोमाग शतपावलीवाले. मग नुसत्या टॉवेलवर नाईक. आणि सगळ्यांच्या मागे बाळ्या! बघता बघता खुर्च्या भरल्या, तसा तो वाटेत आडवा बसला.

मी कपाळाला हात लावला. स्वतःला हाकलायची सभा स्वतःच भरवली की गाढवाने!

उठायची सोय नाही म्हटल्यावर माणसं बोलायला लागली. कांबळेकाका म्हणाले, एवढे जमलोच आहोत तर आधी टाकीचं बोलून घेऊ. टाकी मंजूर! जिन्यातले दिवे मंजूर! मग सकपाळ बोलायला उभे राहिले. बाळ्या आला, गुडघ्याला ढुशी दिली, सकपाळ मटकन खाली. सगळे खो खो हसले आणि शेवटी सकपाळांनाही हसू फुटलं. म्हणाले, "मी ड्युटीवर जाताना बांधून ठेवत जा. बाकी राहू दे त्याला."

हुश्श! काय सांगू, छातीवरचा धोंडा उतरला. मी उठून सगळ्यांचे आभार मानायला लागलो.

"बसा," कांबळेकाका म्हणाले. "ठराव पुरा होऊ दे. सेक्रेटरीला वर्षभर जमलं नाही ते याने अर्ध्या तासात केलं. तेव्हा कुत्रा ठेवावा, सेक्रेटरी बदलावा."

एकमताने मंजूर. आणि सगळ्यात पहिला हात कोणाचा वर गेला म्हणता? आमच्या नलूचा.