वरचा सूर कोणाचा?

परवा प्रताप नगरातल्या एका किराणा दुकानात दुकानदाराने ज्येष्ठमधाची बरणी उघडली, आणि मी काय घ्यायला आलो होतो तेच विसरलो. तो किंचित गोड, किंचित मातकट वास म्हणजे भाऊ. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत वस्त्यावस्त्यांतून गाणारे आमचे भाऊ डाव्या गालात ज्येष्ठमधाची काडी धरून गात. मी दिवसा कचेरीतला कारकून, संध्याकाळी त्यांच्या उजव्या हाताला मांडी घालून कोरस धरणारा. वीस-बावीस वर्षं मी त्या वासात बसलो. भाऊंना जाऊन आता तीन वर्षं झाली, आणि मागच्या आठवड्यात मी त्यांचं नवं गाणं ऐकलं. हे वाक्य लिहितानासुद्धा गोंधळ उडतो. गेलेल्या माणसाचं जुनं गाणं ऐकावं. नवं कसं ऐकायचं?

झालं असं, की भाऊंच्या मुलीला तालमीची एक जुनी कॅसेट सापडली. तिने ती स्टुडिओत नेली, मागे नवी वाद्यं भरून घेतली आणि जयंतीला गाणं बाहेर काढायचं ठरवलं. पण वहिनी अडून बसल्या. आजकाल मशीन कोणाचाही आवाज काढतं हे त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं. नवऱ्याच्या नावावर भलताच आवाज जायला नको, म्हणून त्यांनी मला कामठीला बोलावलं.

"भाऊजी, तुम्ही सांगा. हा आवाज त्यायचाच आहे का? तुम्हाले नाही समजणार तर कोणाले समजन?"

"काका, मी आवाज बनवून नाही राहिले," मुलगी कळवळून म्हणाली. "फक्त खरखर काढली."

गाणं सुरू झालं. मी मोठ्या जाणकाराच्या थाटात डोळे मिटले आणि खुणा शोधू लागलो. भाऊ शब्द मधेच तोडून श्वास घेत, काडी गालात सरकली की बारीकसा चट् आवाज ऐकू येई, ओळीच्या शेवटी घसा जरा घासे. इथे त्यातलं काहीच नव्हतं. आवाज धुतलेल्या ताटासारखा लख्ख होता. ज्या खरखरीवरून मी त्यांना अंधारातही ओळखलं असतं, नेमकी तीच पुसून टाकली होती. हे भाऊच असतील, असं एका ओळीला वाटे. पुढच्या ओळीला वाटे, हा कोणी त्यांच्या घरचे कपडे घालून आलेला परका माणूस आहे.

मग अंतऱ्यातला वरचा सूर आला, आणि माझा गुडघा आपोआप दचकला.

तुम्हाला आता आमचं गुपित सांगायला हवं. शेवटच्या काही वर्षांत भाऊंना दम्याने गाठलं होतं. वरचा सूर जवळ आला की पेटीवरचा उजवा हात हळूच माझ्या गुडघ्यावर येई. अंगठा दाबला की मी ओळ उचलायची, तीही त्यांच्याच आवाजात, आणि त्यांनी नुसते ओठ हलवायचे. मांडवातल्या कोणाला हे कधी कळलं नाही. तालमीच्या वेळी वहिनी आत स्वयंपाकघरात असत. त्यांच्यापर्यंत फक्त सूर पोचायचा.

मी डोळे उघडले. वहिनींच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "बस," त्या म्हणाल्या, "बाकीचं मले माहीत नाही, पण हे वरचं त्यायचंच आहे. असं दुसरं कोणी गातच नव्हतं."

खरं सांगावं, तर त्यांच्या हातातला तेवढाच खात्रीचा तुकडा मी काढून घेणार होतो. सांगू नये, तर मी साक्षीला बोलावलेला माणूस. शिवाय माझीही खात्री कुठे होती? कदाचित त्या दिवशी भाऊंना बरं असेल. कदाचित गुडघा उगाच हलला असेल. "हो वहिनी, त्यांचाच," मी म्हणालो. मुलीने सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र वहिनींशी खोटं बोलल्याची शरम वाटत राहिली, अजून वाटते.

म्हणून परवा त्या दुकानातून काडी घेतली, हुडकेश्वरला घरी आलो, आणि दुपारी कूलर बंद करून पेटी समोर ओढली. म्हटलं, एकदा गाऊन बघू. तोच सूर निघाला तर तो माझा, निदान मनाचा निकाल तरी लागेल. काडी गालात धरली. मुखडा बरा झाला. अंतरा चढू लागला, वरची जागा जवळ आली, आणि मी थांबलो. मुद्दाम नव्हे. गुडघा वाट पाहत होता.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडलो. तिसऱ्यांदा जोर करून रेटलं तर नुसता फाटका आवाज निघाला. मांडवात तो सूर माझ्याच गळ्यातून निघायचा, हे मी कोणाचीही शपथ घेऊन सांगेन. पण भाऊंचा अंगठा टेकल्याशिवाय तो निघत नाही. मग वहिनींना मी खोटं सांगितलं की खरं, हे मला अजूनही कळत नाही. मी पेटी झाकली, आणि किती तरी वेळ भाऊंच्या उजव्या बाजूला बसल्यासारखा, डावीकडे थोडी जागा सोडून, तसाच बसून राहिलो.