स्वतःचाच ईसीजी

आमच्या बायोमेडिकलच्या वर्गात आम्ही बारा जण होतो, म्हणजे प्रॅक्टिकलला सहा जोड्या. शेवटच्या वर्षी माझी पार्टनर नारायण पेठेतल्या कॉम्प्युटर क्लासला जायला लागली आणि कॉलेजात दिसेनाशी झाली. तेव्हा ज्याला त्याला सॉफ्टवेअरमध्येच जायचं होतं. कर्वेनगरच्या घरमालकीणबाईंनी एकदा विचारलं, "तुम्ही मशिनं दुरुस्त करायला शिकता ना? आमचा मिक्सर बघता का?" मी बघितला. तो सुधारला नाही, आणि बाईही त्यानंतर फारशा बोलल्या नाहीत. बोलणारं तेवढंच एक माणूस होतं.

माझं ईसीजीचं शेवटचं प्रॅक्टिकल राहिलं होतं. एकीने पलंगावर पडायचं, दुसरीने तिच्या हातापायांना चिमटे लावून आलेख काढायचा. सह्यांचा शेवटचा दिवस होता; त्या दिवशी जर्नलवर सही झाली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. वर्गात कुणालाही "जरा पडतेस का" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माझा ताठा आडवा आला. सगळे जेवायला गेल्यावर मी स्वतःच पडले, स्वतःलाच चिमटे लावले आणि बटण दाबलं.

सरांनी कागद पाहिला. "अभिनंदन. आपलं हृदय उजवीकडे आहे." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो, दोन्ही हातांचे चिमटे उलटे लावलेत. इतके दिवस काय शिकलात?"

इतके दिवस मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून पार्टनरला चिमटे लावत होते. समोरच्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो, म्हणून उजव्या हाताचा चिमटा डावीकडे लावायचा. ही सवय हातांत इतकी मुरली होती, की समोर कुणी नसतानाही हात तसेच चालले.

"पार्टनरला बोलवा आणि पुन्हा काढा. चारच्या आत."

"पार्टनर नाहीये, सर. कुणीच नाहीये." एवढं म्हणताना मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

लॅब झाडायला धायरीहून एक मावशी यायच्या. त्यांनी झाडू कोपऱ्यात ठेवला. "मी पडते की. दुखत न्हाय ना?"

त्यांच्या खरखरीत मनगटांना मी जेली लावली, डावं-उजवं दोनदा तपासून चिमटे बसवले. कागदावर ठोके उमटायला लागले, अगदी सुलटे. मी मशीन बंद केलं.

"झालं का गं?" मावशींनी विचारलं.

झालं होतं. तरी मी "अजून थोडं राहिलंय" म्हणाले आणि त्यांचा हात धरून बसून राहिले.