कावळ्यासमोर दिलेला शब्द

दहाव्याच्या दिवशी एकोडीच्या तलावाच्या पाळीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. दोन कावळे बाभळीवर बसले होते. दोघेही दुसरीकडेच पाहत होते. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. तरी माझी नजर त्यांच्यावरून हलत नव्हती.

माझी मोठी बहीण पुढे झाली आणि माझ्या गेलेल्या बायकोशी बोलू लागली. "ऐक माय, तुह्या पोरीचं शिक्षण आम्ही थांबू देणार नाही." कावळे हलले नाहीत. "तुह्या झाडायले रोज पाणी घालू." काही नाही. "मंग कायले अडकली तू?" ताईने पदर खोचला. "तुही ती सहल राहिली नं? हा जाईल तुह्या जागेवर. तू जे जे करणार होती, ते सारं करील."

एक कावळा खाली उतरला.

भूक लागली म्हणून उतरला असेल. पण मग इतका वेळ का नव्हती लागली?

सहल तिच्या शाळेतल्या शिक्षिकांची होती. साकोलीहून गाडी, पहाटे नागझिऱ्यात सफारी, मग जंगलाबाहेरच्या एका तळ्यावर जेवण आणि दोराला लटकून पाण्यावरून पलीकडे जाणं. पावसाळ्यानंतर जंगल उघडलं तसा तिच्या मैत्रिणीचा फोन आला. "भाऊजी, तिची जागा आम्ही कोणाले दिली नाही. येता नं?" मी हो म्हणालो.

जिप्सीत मला कडेला बसवलं. सूर्य नुकता वर आला होता तेव्हा रानकुत्र्यांचा कळप रस्ता ओलांडून गेला. सगळ्या जणी श्वास रोखून एकमेकींचे दंड दाबत होत्या. मी पाहिलं. पण मी पाहिलं म्हणजे तिने पाहिलं का? नीट पाहायला हवं, या धास्तीमुळे मला फक्त शेपट्या आठवतात. वाघ दिसलाच नाही.

बाहेर आल्यावर ताईला फोन लावला. "वाघ नाही दिसला. आता?"

"वाघाचं मी कुठं बोलली होती? सारं करील म्हटलं होतं. काय राहिलं?"

"दोर."

"मंग?"

"मले उंचीचं भेव वाटते."

"हे तवाच कावळ्याले सांगाचं होतं नं!"

तळ्यावर मैत्रिणीने ताट वाढून दिलं. आधी दोर उरकावा म्हटलं. ताट पाळीवरच्या दगडावर ठेवून मी दोर बांधलेल्या मचाणावर चढलो. दोरवाल्या माणसाने कमरेला पट्टे आवळले. "सोडू, काका?" मी मान हलवली.

सुरुवातीला वेग होता. मग तो कमी झाला, आणि ऐन मध्यावर मी थांबलो. माझं वजन कमी पडलं म्हणे. खाली हिरवं पाणी, त्यावर माझे बूट. किनाऱ्याकडे पाहिलं तर दगडावर तीन कावळे माझा भात खात होते, अगदी सावकाश. त्यांना कुणी काहीच कबूल केलं नव्हतं. आणि माझं तर अजून अर्धंच झालं होतं.

"काका, इकडं ओढू का तिकडं?" दोरवाला ओरडला.

कावळे शिवले होते. म्हणजे परत फिरायला हरकत नव्हती. की याचसाठी शिवले होते, की मी जाईन म्हणून?

"तिकडं," मी म्हणालो. त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.

पाळीवरून चालत परत आलो तेव्हा मैत्रीण ताट खंगाळत होती. "भाऊजी, कावळ्यांनी काही ठेवलं नाही. दुसरं वाढते."

मी ताईला फोन केला. "दोर झाला. पण कावळ्यांनी माझा भात खाल्ला."

"दोराच्या आधी, का दोर झाल्यावर?"

"मधात. मी लटकून होतो तवा."

"आता हे मले नाही समजत रे," ती म्हणाली. "तू जेवला का?"

"नाही."

"जेव मंग."

मी दुसरं ताट घेतलं. कावळे पुन्हा पाळीवर येऊन बसले होते. या वेळी मी ताट दगडावर न ठेवता मांडीवर घेतलं.