अकरा पोकळ टाइल्स

इथे परदेशात, बुकित तिमाह भागात आमच्या कंपनीची कॉन्डोची, म्हणजे फ्लॅट्सची इमारत उभी राहत होती, तेव्हा सबकॉन्ट्रॅक्टरांची बिलं माझ्या टेबलावरून जायची. इथला कायदा त्यांच्या बाजूचा आहे. बिल आलं की मुदतीत लेखी उत्तर द्यायचं: किती देतो, किती कापतो, का कापतो. मुदत चुकली की पुढे निवाड्यात कपातीची कारणं सांगता येत नाहीत. त्यामुळे साहेबांचा माझ्यावर भारी जीव. मुदतीच्या शेवटच्या दुपारी, कपातींनी भरलेलं उत्तर मी न चुकता पाठवायचे. या कामात मी तरबेज होते आणि मला त्याचा गर्वही होता. आता हे लिहायला लाज वाटते.

बाथरूमच्या टाइल्सचं काम बुकित बातोकच्या एका चिनी नवरा-बायकोकडे होतं. नवरा कामगारांबरोबर साइटवर, कागदपत्रं बायकोकडे. बाई साठीच्या आसपासची. मी तिला आंटी म्हणायचे, ती मला मॅडम. त्यांचं बिल आलं तेव्हा आम्ही दोघी बारा फ्लॅट फिरलो. मी दांडीने एकेक टाइल ठोकायचे, पोकळ आवाज आला की ती खडूने फुली मारायची. सकाळभर फिरून अकरा फुल्या पडल्या. मी वहीच्या पानावर यादी केली, दोघींनी खाली सह्या केल्या. मी म्हटलं, फोटो काढून घ्या.

"तुम्ही स्वतः ठोकलंत ना? मग मला कशाला, ला," ती इथल्या सवयीने शेवटी 'ला' जोडत म्हणाली आणि खडूचे हात पँटला पुसून लिफ्टकडे निघाली.

साहेबांनी यादी बघितलीसुद्धा नाही. "बाराही बाथरूम उखडून पुन्हा करावी लागतील, असं लिही." त्यात बिलाचा जवळजवळ सगळा पैसा जात होता. मी म्हटलं, सर, अकराच टाइल्स आहेत. "मग त्यांना सिद्ध करू दे," ते म्हणाले. मी लिहिलं. नेहमीसारखं नेटकं लिहिलं आणि वेळेत पाठवलं.

चार-पाच दिवस आंटीने साहेबांना फोन करून पाहिले. मग मला केला. "मॅडम, आम्ही निवाड्यासाठी अर्ज करतोय. सात दिवस आहेत. अर्जाबरोबरच सगळे कागद द्यायचेत. तेवढं पान पाठवा. दोन महिने कामगारांचे पगार आम्ही घरातून भरले, तिसरा नाही जमणार." माझ्या उत्तराबद्दल ती एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

रात्री सेंगकांगच्या घरी नवऱ्याला पान दाखवलं.

"पाठव की. तुझीच सही आहे त्यावर."

"आणि साहेबांना कळलं तर? पीआरचा, इथे कायम राहायचा अर्ज माझ्या नोकरीवर केलाय आपण."

"मग नको पाठवू."

"असं कसं म्हणतोस?"

"अगं, मग काय म्हणू मी?"

मी त्याच्यावर भयंकर चिडले, कारण चिडायला दुसरं कोणी हाताशी नव्हतं.

पान माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होतं. एमआरटीत, इथल्या मेट्रोत बसले की मी ते चाचपून बघायचे. तिसऱ्या दिवशी आंटीचा फोन आला, पाचव्या दिवशीही आला. दोन्ही वेळा मी सांगितलं, शोधतेय. ती म्हणाली, बरं, सावकाश शोधा.

सातव्या दिवशी साडेचारपर्यंत अर्ज घेणार होते. चारला तिचा मेसेज आला: निघालेय, मिळालं का? मी पान घेऊन जिन्यात गेले, पायरीवर ठेवून फोटो काढला. चांगला स्वच्छ आला, दोन्ही सह्या दिसत होत्या. मग फोन हातात धरून तिथेच बसले. सव्वाचार झाले. बोट हललं नाही. साडेचार वाजले, तरी मी बसूनच होते. पाचला दहा कमी असताना मी फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, आत्ताच सापडलं.

उत्तर लगेच आलं. "ऑफिस बंद झालं. पानाशिवाय दिला अर्ज. थँक यू मॅडम."

महिन्याभराने निवाडा झाला. त्यांच्याकडे पुरावा नसल्याने आमची कपात बरीचशी टिकली. साहेबांनी सगळ्यांना जेवायला नेलं आणि मी गेले.

पण मला आठवते ती त्या सातव्या दिवसाची संध्याकाळ. मी घरी आले तर नवऱ्याने दारातच विचारलं, "पाठवलंस?"

"पाठवलं."

त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलंस. तू पाठवशील हे मला माहीत होतं."

किती वाजता, ते त्याने विचारलं नाही. मीही तो हात पाठीवर तसाच राहू दिला.