आईनं पुसून ठेवलेलं कार्बनचं कापड

मंडळी, आज सकाळपासून जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

शेजारच्या तात्यांच्या फवारणीच्या ड्रोनचं झाकण फुटलंय. नवं मी घरीच कार्बन फायबरचं करतोय. त्यासाठी आधीच रेझिन, म्हणजे भट्टीत तापून कडक होणारी राळ, लावलेलं कापड लागतं, आणि ते गोठवून ठेवावं लागतं. माझं असतं भिगवणला, मासेवाल्या मित्राच्या डीप फ्रीजरमध्ये.

सकाळी जाऊन आणलं. थंडपणा जाईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी कापडावर बसतं आणि भट्टीत त्याची वाफ होऊन भोकं पडतात. हे मला पाठ आहे. आईला सांगायचं तेवढं राहिलं.

फोन घ्यायला बाहेर गेलो. आत येतो तर पिशवी फाडलेली, कापड पंख्याखाली खाटेवर, आणि आई ते पदरानं पुसतेय!

"पिशवी भायेरनं वली झालती. कापड कुबट हुईल म्हणून काढलं."

तेवढ्यात तात्या दारात. "उद्या ऊस फवारायचाय. हुईल न्हवं?"

"व्हय," म्हणालो आणि आईला वाईट वाटू नये म्हणून तेच कापड साच्यात घालून भट्टीत ठेवलं.

संध्याकाळी झाकण निघालं. आईनं मावळतीकडं धरलं. बारीक भोकांतून उजेड येत होता. तिथूनच औषध आत शिरून ड्रोन जळणार.

"आगं बया, चांदण्या दिसत्यात की! कोरडं केलं म्हणून जमलं बघ."

मी दुसरं कापड आणायला परत भिगवणला निघालोय. आईला सांगितलंय, मासे आणायला चाललोय. तुम्ही खरं सांगितलं असतं का?