सातवीच्या गणिताची जागा

उमेदवाराने प्रमाणपत्रांची फाइल पुढे केली की बाई ती न उघडताच टेबलावर पालथी घालायच्या आणि म्हणायच्या, "हे राहू दे. आधी खडू घ्या."

समोरचा माणूस गडबडायचा. घरून पाठ करून आणलेली उत्तरं तशीच राहायची. बाई त्याला सरळ भरलेल्या वर्गात नेऊन उभं करायच्या आणि स्वतः शेवटच्या बाकावर मुलांत जाऊन बसायच्या. मलाही बसवायच्या. "भाऊसाहेब, फळ्याकडे बघू नका. पोरांकडे बघा."

मी ऐरोलीतल्या त्या शाळेत क्लार्क होतो आणि बाई मुख्याध्यापिका. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. भिंतींचा रंग सुकायच्या आत बिल्डिंगी भरत होत्या, आमच्या तुकड्या वाढत होत्या आणि शिक्षक टिकत नव्हते. शाळा विनाअनुदानित. चांगला शिक्षक मिळाला की अनुदानित शाळेची ऑर्डर येईपर्यंतच तो आमचा. विज्ञानाच्या एक मॅडम तर प्रयोगशाळा लावून झाली त्याच आठवड्यात नवऱ्याच्या बदलीमुळे नागपूरला गेल्या. बाईंनी त्यांना हसून निरोप दिला आणि दिवसभर माझ्यावर चिडचिड केली.

दुसरा त्रास चिठ्ठ्यांचा. 'आपलाच माणूस आहे, बघावे', असं लिहून संस्थेचे चेअरमनसाहेब कुणाकुणाला पाठवायचे. एकदा एका जागेसाठी असे चौघे आले. बाई म्हणाल्या, "चौघांना एकाच खोलीत बसवा. एकमेकांना शिकवतील."

तुम्हीही कधी अशा मुलाखतींना बसला असाल, टेबलाच्या अलीकडे किंवा पलीकडे. निकाल आधीच ठरलाय हे खोलीत सगळ्यांना माहीत असतं. बाईंना ते कळत नव्हतं असं नाही. त्यांना ते मान्य नव्हतं.

त्या वर्षी सातवीला गणिताची जागा रिकामी होती. मुलांशिवाय पाठ कसा बघणार, म्हणून बाईंनी हट्टाने मुलाखती शाळा सुरू झाल्यावर ठेवल्या. शेवटी एक मुलगी आली. खाडीकाठच्या गावातली, वडील मासेमारी करणारे. बी.एस्सी., बी.एड. निवड समितीपुढे ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. चेअरमनसाहेबांनी विषय विचारला, तेव्हा म्हणाली, "गनित."

एक सभासद दुसऱ्याकडे बघून हसले. तिनं ते पाहिलं.

बाई उठल्या. "चला. खडू घ्या."

ऋण संख्यांचा पाठ होता. तिनं सुरुवातीलाच विचारलं, "शून्याच्या खाली काय असतं?" एक मुलगा म्हणाला, "काहीच नाही." ती म्हणाली, "खाडीत चल माझ्यासंगं, दावते." फळ्यावर तिनं एक बांबू काढला, त्याच्या मधोमध खूण केली. "ह्यो शून्य. भरतीचं पानी वर चढतं, ओहोटीला खाली उतरतं. आता पानी शून्याच्या दोन हात खाली हाय. मग पाच हात चढलं. सांगा, कुठं आलं?"

पोरं बोटांवर मोजायला लागली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "वर तीन." मग सगळेच सांगायला लागले. तास संपल्याची घंटा झाली तरी एकही मूल उठलं नाही. माझ्या शेजारचा पोरगा वहीच्या मागच्या पानावर आपला बांबू काढत होता. बाईंचे डोळे भरले होते. मी दुसरीकडे बघितलं.

समितीनं मात्र चेअरमनसाहेबांच्या साडूचा भाचा निवडला. मघाशी हसलेले सभासद म्हणाले, "गणित म्हणता येत नाही, ती गणित शिकवणार काय?"

"तुम्हाला म्हणता येतं ना," बाई शांतपणे म्हणाल्या, "मग उद्यापासून सातवीचा तास तुम्ही घ्या."

बाईंनी निवडीच्या कागदावर सही केली नाही. पण त्यांच्या सहीवाचून काही अडलं नाही.

तो भाचा दिवाळीच्या सुट्टीत गेला तो परत आला नाही. ठाण्याला त्याला अनुदानित जागा मिळाली होती. हे कळलं त्याच सकाळी बाईंनी माझ्याकडून ऑर्डर टाईप करून घेतली आणि मला त्या मुलीच्या गावी पाठवलं. ती ओटीवर वह्या तपासत बसली होती.

"सर, मी पनवेलला लागले," ती म्हणाली. "बाईंना सांगा, त्यांनी बोलावलं याचं लय बरं वाटलं. पन आता मधेच सोडून आले, तर त्या पोरांचं काय?"

मी ऑर्डर तशीच परत आणली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या. मग पेपरवेट सरकवत पुन्हा बोलल्या, "भाऊसाहेब, मी सही केली नाही, एवढ्यावरच मोठं काही केल्यासारखं वाटत होतं मला. भांडायला हवं होतं. मी नुसती रुसले."

सातवीचं गणित त्यांनी वर्षअखेरपर्यंत स्वतः घेतलं. ऑफिसचं काम मग संध्याकाळी. एप्रिलमध्ये समितीचं पत्र आलं: यापुढे मुलाखतीत पाठ घेऊ नयेत, वेळ जातो. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि त्याच कागदाच्या पाठीमागे चार ओळींचा राजीनामा लिहिला. मी नवा कोरा कागद पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

जूनमध्ये नव्या मुख्याध्यापकांनी मला वेळापत्रकाचा तक्ता पुसून नवा करायला सांगितलं. सातवीच्या गणिताच्या चौकटीत बाईंनी आपलं नाव पेन्सिलीनं लिहिलं होतं, कुणी मिळालं की खोडता यावं म्हणून. मी ते खोडलं. तिथं लिहायला दुसरं नाव नव्हतं. तक्ता तसाच भिंतीवर लावला.