खिडकीतल्या काकांचं इंजेक्शन

माई सकाळी नवऱ्याला ब्लडप्रेशरची गोळी देतात, ती आधी त्याचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारून. नातवंडं कॉलेजात गेली तरी यात खंड नाही. नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणतो, की हे लग्नाआधी विचारायचं असतं, आता विचारून काय उपयोग? पण सांगतो बिचारा. सांगितल्याशिवाय गोळी मिळत नाही हे त्याला पुरतं ठाऊक आहे. सून तोंडाला पदर लावून हसते. आणि माई मात्र त्या एका प्रश्नासरशी जुन्या वॉर्डात जाऊन पोचतात. तिथून त्यांना परत आणायला चहाच लागतो.

काय वॉर्ड होता तो! पुरुषांचा, लांबलचक, उंच छताचा. दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा आणि मधून औषधांची ट्रॉली जाईल एवढी वाट. फिनेल, स्पिरिट आणि धुतलेल्या चादरी यांचा एक मिळून वास यायचा. माईंना तो अजून कधीतरी झोपेत येतो. ट्रॉलीचं एक चाक कायम रुसलेलं, त्यामुळे ती डावीकडे ओढायची आणि माई तिला येता-जाता गुडघ्याने सरळ करायच्या. इन्चार्ज सिस्टर त्या. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि आवाज असा की तो नुसता आतून ऐकूनच दाराबाहेर विडी पेटवणारा माणूस ती विझवायचा.

माईंचा सगळ्यात मोठा अभिमान एकच. त्यांच्या वॉर्डात पेशंट नव्हतेच मुळी. होते ते काका, मामा, दादा, आजोबा. नवीन आलेल्या एखाद्या नर्सने ‘अमुक नंबरचा पेशंट’ म्हटलं की तिची काही धडगत नसे. नंबर बँकेच्या टोकनाला असतो, माणसाला नसतो, असं माई तिला सगळ्यांदेखत सुनावत. मग ओळखायचं कसं? तर नळाशेजारचे आजोबा, दारातले दादा, खिडकीतले काका. नावं केसपेपरवर होती, ती तिथे सुखात नांदत होती. रोज ज्याची चादर बदलतो त्याला नाव विचारायचं म्हणजे घरच्या माणसाला ‘आपण कोण?’ म्हणण्यातली गत, असं माईंचं मत होतं आणि साऱ्या वॉर्डाचंही तेच झालं होतं.

वॉर्डात एक नर्स होती, सगळ्यांत लहान, तिला सगळे चिमणी म्हणत. अंगाने तेवढीच आणि तोंडाचा पट्टाही तसाच चालू. पण हात असा हलका की इंजेक्शन झालं तरी माणूस ‘द्या की आता’ म्हणत डोळे मिटून बसायचा. माईंना पोटची लेक नव्हती. चिमणी डबा विसरली की माईंच्या डब्यातलं अर्धं तिचं, हे न सांगता ठरलेलं होतं.

खिडकीतले काका म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, साखर वाढलेली आणि पायाची जखम काही केल्या भरेना. त्यामुळे मुक्काम लांबलेला. दारातले दादा ट्रक चालवायचे. दम्याने बेजार, रात्रंदिवस उशीला टेकून बसलेले. त्यांची ती घुसमट बघवेना म्हणून एक दिवस काका म्हणाले, या खिडकीत, वारा लागेल. मला काय, पाय वर करून पडायचंय, ते दारातही जमतं. दोघांनी आपापली उशी आणि पाण्याची बाटली उचलली आणि खाटा बदलल्या. माईंनी पाहिलं आणि कौतुकच केलं. माणुसकी म्हणतात ती हीच, असं त्या चार जणांत बोलल्यासुद्धा.

चिमणी तेव्हा रजेवर होती. परत आली त्या सकाळी ड्यूटी रूममधून कुणीतरी हाक दिली, खिडकीतल्या काकांचं इन्सुलिन राहिलंय. वर्षानुवर्षं अशाच हाका दिल्या-घेतल्या जात. चिमणी ट्रे घेऊन खिडकीशी गेली. खाटेवरचा माणूस कानापर्यंत चादर ओढून खिडकीकडे तोंड करून झोपलेला. तिने हाक मारली, "काका, हात." चादरीतून हात बाहेर आला. खिडकीच्या वाऱ्याने दादांना कितीतरी दिवसांनी आडवं पडून झोप लागली होती; दम्याची इंजेक्शनं रोजच चालू होती, अर्धवट जागेपणी त्यांना वाटलं त्यातलंच एक. साखरेचा आजार नसलेल्या माणसाला उपाशीपोटी इन्सुलिन गेलं.

थोड्या वेळात दादांना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं. माई धावल्या, डॉक्टर धावले, शिरेतून ग्लुकोज गेलं. दादा शुद्धीवर आले आणि सगळे आपल्याभोवती का उभे आहेत, नाश्ता आला का, असं विचारायला लागले. माईंच्या जिवात जीव आला. दादांच्या बायकोने मात्र दवाखाना डोक्यावर घेतला, आणि का घेऊ नये? तिचं कुंकू थोडक्यात वाचलं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी दुपारीच चौकशी उरकली. इंजेक्शन कुणी दिलं? चिमणीने. मग चिमणीला घरी पाठवा. महिनाअखेरीच्या मीटिंगमध्ये शिक्कामोर्तब करायचं आणि तोवर तिने चादरी मोजायच्या, औषधाला हात लावायचा नाही. चिमणीची चिवचिव बंद झाली. माईंना ती शांतता इतकी खायला उठायची, की त्या उगाच ट्रॉलीवर खेकसायच्या.

त्याच महिन्यात दवाखान्यात कामातल्या चुका शोधून पद्धत सुधारणाऱ्या एक क्वालिटीवाल्या मॅडम आल्या होत्या. खांद्याला झोळी, झोळीत रंगीत चिठ्ठ्या. माईंनी त्यांना पाहताक्षणी उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांत जमा केलं. पण बाई शेळ्या हाकायला आलीच नाही. ती रोज सकाळी औषधांच्या वेळी भिंतीला टेकून नुसती बघत उभी राहायची आणि वॉर्डबॉयबरोबर चहा प्यायची. मग एके दिवशी तिने सगळ्यांना ड्यूटी रूममध्ये बसवलं आणि लहान पोरासारखी का-का करायला सुरुवात केली. इन्सुलिन दादांना का गेलं? ते खिडकीत होते म्हणून. खिडकी बघून का दिलं? हाकच तशी आली म्हणून. हाक तशी का येते? कायमच येते. मग नाव का विचारत नाही?

सगळ्यांचे डोळे हळूच माईंकडे वळले. माईंच्या नाकाला आधी मिरच्याच झोंबल्या. आमचं प्रेम तुमच्या चिठ्ठीत मावणार नाही, असं काहीबाही त्या बोलून गेल्या. पण घरी जाऊन भाजी चिरताना त्यांचे हात थांबले. विचार करकरून त्यांना खिडकीतल्या काकांचं नाव आठवेना. इतके दिवस त्यांच्या जखमेला ड्रेसिंग केलं, त्यांच्या बायकोचा आजार ऐकला, त्यांची हळहळ केली, आणि नाव माहीत नाही! माईंना स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून माईच मॅडमच्या मागे लागल्या, काय बदलायचं ते सांगा म्हणून. मॅडमची पद्धत अशी, की एकदम सगळा वॉर्ड उलटापालटा करायचा नाही. एकाच रांगेत करून बघायचं, चुकलं तर सुधारायचं, मग पुढची रांग. मनगटाला नाव आणि जन्मतारखेची पट्टी बांधायची आणि औषधाआधी नाव विचारून ताडून बघायचं. पहिल्याच सकाळी फजिती झाली. नर्सने नळाशेजारच्या आजोबांना शेजाऱ्याचं नाव घेऊन ‘तुम्हीच ना?’ विचारलं आणि आजोबांनी अगदी आनंदाने मान डोलावली. कानाने अधू, स्वभावाने गोड. त्यांना राजा म्हटलं असतं तरी ते हो म्हणाले असते. मग ठरलं, नाव आपण घ्यायचं नाही, त्यांच्या तोंडून वदवायचं. पेशंट मात्र रुसले. काल ताप उतरवला आणि आज विचारता कोण तुम्ही? एका मामांनी तर माईंशी दोन दिवस अबोला धरला. माईंना ते फार लागलं. पण त्याच रांगेत होऊ घातलेल्या चुका आता ट्रॉलीपाशीच सापडत होत्या, आणि ओरडा बसणार नाही म्हटल्यावर पोरी त्या आपणहून सांगत होत्या.

महिनाअखेरीला मीटिंग झाली. मोठ्या डॉक्टरांनी फाईल पुढे ओढली तेव्हा मॅडम एवढंच म्हणाल्या, "हिला काढलंत तर उद्या दुसरी कुणीतरी हीच चूक करेल. ती कोण, एवढंच आज आपल्याला माहीत नाही." माई उठून उभ्या राहिल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका, वॉर्डाला ही सवय मी लावली, असं त्यांनी सरळ सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी फाईल मिटली आणि चिमणीला कामावर घ्या म्हणून सांगितलं.

पण चिमणीच तयार होईना. तिचा धीरच खचला होता. ट्रे समोर आला की ती मागे सरायची. ती माईंना म्हणाली, की मी शिकवण्या घेईन, दुकानात बसेन, पण पुन्हा सुई नको. समजूत घालून माई दमल्या. इतका हलका हात आता वॉर्डात चादरी मोजायलासुद्धा राहणार नाही, या विचाराने त्यांना अन्न गोड लागेना.

हे काकांच्या कानावर गेलं. खाट बदलायची कल्पना त्यांची, त्यामुळे तेही मनातून झुरत होते. शनिवारी सकाळी त्यांनी संप पुकारला. इंजेक्शन घेईन तर चिमणीकडून, नाहीतर नाही, आणि नाश्ताही नाही. माईंनी रागावून पाहिलं, मग विनवून पाहिलं. काका हलेनात. शेवटी माईंनी चिमणीच्या हातात ट्रे दिला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तिला दारातल्या खाटेपर्यंत चालवत नेलं.

चिमणी उभी राहिली. सवयीने ‘काका’ म्हणून तोंड उघडलं आणि जीभ चावली. काकांनी मनगट पुढे केलं.

"विचार की," ते म्हणाले.

"तुमचं नाव काय?"

काका उशीवरून सरळ बसले. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. शाळेत हजेरी द्यावी तसं ठणठणीत आवाजात. जन्मतारीखही सांगितली. चिमणीने पट्टीवर एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहिलं. तोवर काकांचे डोळे भरून आले होते.

"बरं केलंत पोरींनो," ते म्हणाले. "मला वाटायचं, इथून गेलो तर खिडकीतला काका म्हणूनच जाईन."

माईंना तिथेच सगळ्यांसमोर रडू फुटलं. चिमणीचंही नाक लाल झालं होतं. पण तिने काकांच्या दंडाची कातडी चिमटीत धरली, आणि सुई पूर्वीसारख्याच हलक्या हाताने आत गेली.